दास्यांतून उठलेलीं गीतें

आपण प्रार्थनेच्या वेळीं गीत म्हणतों, तेव्हां पुष्कळदां ओठच हालतात. परंतु अमेरिकेंतील कृष्णवर्णी गुलामांस गीत हाच एक मोकळा श्वास होता. तेथील कित्येक राज्यांत त्यांस लिहिणें-वाचणें शिकविण्यास कायद्यानें बंदी होती. म्हणून पवित्र शास्त्र त्यांनीं कानांनीं ऐकिलें व कंठांत साठविलें. एकानें ओळ उचलावी, इतरांनीं उत्तर द्यावें, अशी त्यांची रीत. गीतांतील इस्राएल ते स्वतःच, फारो म्हणजे धनी. आणि यार्देनेपलीकडे स्वर्गाबरोबर कित्येकांस गुलामगिरी नसलेला उत्तरेचा मुलूखही दिसे.

१८६५ सालीं गुलामगिरी बंद झाली. पुढल्याच वर्षीं नॅशव्हिल येथें मुक्त झालेल्यांसाठीं फिस्क विद्यालय निघालें. पण तें लवकरच कर्जांत बुडूं लागलें. तेव्हां खजिनदार जॉर्ज व्हाइट १८७१ च्या आक्टोबरांत नऊ गायक विद्यार्थी घेऊन दौऱ्यावर निघाले. आईबापांचीं हीं पवित्र गीतें परक्यांपुढें गाण्यास मुलांस आरंभीं संकोच वाटे. वाटेंत वर्णामुळें कित्येक ठिकाणीं त्यांस उतरावयास जागाही मिळेना. तरी तीं गाइलीं. दासांच्या सुटकेच्या योबेल वर्षावरून त्यांस 'ज्युबिली सिंगर्स' हें नांव मिळालें. १८७३ त व्हिक्टोरिया राणीनें त्यांचें गायन ऐकिलें. आणि त्यांच्या कमाईंतून उभारलेला, १८७६ सालीं उघडलेला 'ज्युबिली हॉल' आजही उभा आहे.

न्याय मागणें हें भक्तीहून निराळें नाहीं, असें हीं गीतें आम्हांस शिकवितात. बालमित्रहो, उद्यां गीत म्हणतांना त्याचा अर्थही मनांत असूं द्या.