रेक्टिफायर बदलला की गिटारचा आवाज बदलतो का?

मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकलला वरच्या तारेतून मिळणारा १५०० व्होल्टचा डीसी २०१२ साली कायमचा बंद झाला. आता दहिसरवरून धावणाऱ्या गाड्यांना २५,००० व्होल्टचा एसी मिळतो आणि त्याचा डीसी गाडी स्वतःच करून घेते. गिटारच्या अ‍ॅम्पलाही हेच करावं लागतं. घरातल्या प्लगमधून येतो २३० व्होल्टचा एसी. आतल्या व्हॉल्व्हना, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांना, हवा असतो तीन-चारशे व्होल्टचा डीसी. हे काम करतो तो रेक्टिफायर.

जुन्या अ‍ॅम्पमध्ये रेक्टिफायर म्हणजे काचेचा व्हॉल्व्ह. गंमत अशी, की गिटारचा सूर त्याच्यातून जातच नाही. तो फक्त वीज पुरवतो. मग त्याच्यामुळे आवाज बदलतो, असं वादक का सांगतात?

उत्तर व्होल्टेजमध्ये आहे. कॉर्ड जोरात वाजवली की पॉवर व्हॉल्व्ह, म्हणजे स्पीकरला ताकद देणारे व्हॉल्व्ह, एकदम जास्त करंट ओढतात. रेक्टिफायर व्हॉल्व्हला स्वतःचा अंतर्गत रोध असतो, त्यामुळे त्या क्षणी व्होल्टेज खाली बसतं. घरात मिक्सर लावला की जुना बल्ब मंद व्हायचा, तसंच. सुराचा पहिला फटका त्यामुळे जरा दबतो. पुढच्या क्षणी करंट ओसरतो, व्होल्टेज सावरतं आणि सूर फुलून वर येतो. वादक याला ‘सॅग’ म्हणतात. कानापेक्षा तो आधी बोटांना कळतो, कारण तारेवरच्या फटक्याला अ‍ॅम्प किंचित मऊ उत्तर देतो.

कोणता रेक्टिफायर व्हॉल्व्ह किती व्होल्टेज पाडतो, हे कंपन्यांच्या तक्त्यांतच दिलेलं आहे. ५वाय३ हा १२५ मिलिअँपिअरला सुमारे ६० व्होल्ट खातो. जीझेड३४ त्याहून जास्त, म्हणजे २२५ मिलिअँपिअर देतानाही जेमतेम १७. आणि लॅमिंग्टन रोडवर चार-दोन रुपयांत मिळणारा सिलिकॉन डायोड? साधारण एक व्होल्ट.

फेंडरच्या पन्नासच्या दशकातल्या छोट्या ‘डीलक्स’मध्ये ५वाय३ असायचा, त्याचा विरघळता, जाडसर आवाज रॉक गिटारवादक नील यंगच्या वादनामुळे जगभर पोचला. फेंडरच्याच ‘बॅसमन’वरून लंडनच्या जिम मार्शल यांनी १९६२ साली ‘जेटीएम४५’ बेतला, त्यात जीझेड३४ होता. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात मार्शलने डायोड स्वीकारले आणि आवाज जास्त कडक, ताठ झाला. नव्वदच्या दशकात गाजलेल्या मेसा बूगीच्या अ‍ॅम्पचं तर नावच ‘ड्युअल रेक्टिफायर’: व्हॉल्व्ह की डायोड, हे वादकाने खटक्याने ठरवायचं. मेटल वाजवणारे बहुधा डायोड निवडतात. वेगात तोडलेले सूर एकमेकांत मिसळलेले त्यांना चालत नाहीत.

अर्थात सगळं श्रेय रेक्टिफायरला देणं बरोबर नाही. ट्रान्सफॉर्मर केवढा आहे, कंडेन्सर किती मोठे आहेत, यावरही सॅग ठरतो. शिवाय ज्या अ‍ॅम्पमध्ये पॉवर व्हॉल्व्ह शांत असतानाही जवळजवळ जोरात वाजवतानाइतकाच करंट ओढतात, तिथे तो नावापुरताच उरतो.

खरी अडचण वेगळीच आहे. सॅग येतो तो अ‍ॅम्प ताणल्यावर, आणि वीस वॉटचा अ‍ॅम्प ताणला तर एका मीटरवर सहज शंभर डेसिबल ओलांडतो. निवासी भागासाठी नियमातली मर्यादा आहे दिवसा ५५ आणि रात्री ४५. दहिसरच्या वन-बीएचकेत तो प्रयोग करणाऱ्याला सॅग ऐकू येण्याआधी शेजाऱ्यांची बेल ऐकू येईल. मुंबईत मोकळ्या हवेत अ‍ॅम्प खुलवण्याची हक्काची जागा होती धोबी तलावचं रंगभवन. आजूबाजूचा भाग शांतता क्षेत्रात मोडत असल्याने तिथल्या रॉक मैफलीही थांबल्या. तेव्हा घरी हळू आवाजातच वाजवायचं असेल, तर नवा महागडा रेक्टिफायर घेणं म्हणजे चक्क पैसे वाया घालवणं. तेच पैसे चांगल्या स्पीकरवर खर्च केले तर फरक हळू आवाजातही कळतो.

तरीही बदलायचाच असेल, तर खोबणीत बसतो म्हणून कोणताही व्हॉल्व्ह लावू नये. ५वाय३च्या फिलामेंटला २ अँपिअर लागतात, ५यू४ या दुसऱ्या रेक्टिफायर व्हॉल्व्हला ३; जुना ट्रान्सफॉर्मर त्या भाराने जळू शकतो. ५वाय३च्या जागी जीझेड३४ लावला तर व्होल्टेज चढतं आणि बायस (पॉवर व्हॉल्व्ह शांत असताना किती करंट ओढतील, ते ठरवणारी जुळणी) तपासला नाही तर पॉवर व्हॉल्व्हच्या प्लेटा लाल होतात. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये चारशे व्होल्ट साठून राहू शकतात, तेव्हा अ‍ॅम्प उघडण्याचं काम व्हॉल्व्हची माहिती असलेल्या मेकॅनिककडेच द्यावं.