दोन्ही पदे प्रधान

व्याकरणाच्या तासाला द्वंद्व समास शिकवताना एक वाक्य मी फळ्यावर हमखास लिहितो: ‘या समासात दोन्ही पदे प्रधान असतात.’ आईवडील, बहीणभाऊ, विटीदांडू. यांत थोरले कोणी नाही, धाकटे कोणी नाही. गंमत अशी की, भीम आणि जरासंध यांच्यात जे झाले त्यालाही आपण द्वंद्वच म्हणतो! जोडीला जो शब्द, तोच झुंजीलाही. या शब्दाचे हे दोन्ही अर्थ एकाच आयुष्यात पाहावयाचे असतील, तर बॅडमिंटनच्या दुहेरी खेळाकडे वळावे. आणि त्यातही आमच्या वर्ध्यात जन्मलेल्या ज्वाला गुट्टाकडे.

वर्धा म्हटले की सेवाग्राम आठवते, पवनार आठवते, बजाजवाडी आठवते. खेळाडूचे नाव मात्र सहसा कोणाच्या ओठांवर येत नाही. दुहेरीतली भारताची ही नामवंत खेळाडू ७ सप्टेंबर १९८३ रोजी वर्ध्यात जन्मली, हे मी वर्गात सांगतो तेव्हा मुले एकमेकांकडे बघतात. आणि तिचा वर्ध्याशी संबंध जुळला तोही गांधीजींमुळेच. तिची आई येलान या मूळच्या चीनच्या. त्यांचे आजोबा गांधीविचाराचे अभ्यासक. गांधीजींचे लेखन चिनी भाषेत नेण्याच्या कामासाठी आजोबा सेवाग्रामला आले, तेव्हा १९७७ साली नातही त्यांच्याबरोबर आली. पुढे क्रांती गुट्टा या तेलुगू गृहस्थांशी तिचा विवाह झाला. वडील तेलुगू, आई चिनी, जन्म वर्ध्याचा! जोडीचे बाळकडू या मुलीला घरातच मिळाले म्हणावयाचे.

ज्वाला वाढली मात्र हैदराबादेत. तिथे एस. एम. आरिफ या नामांकित गुरूंच्या हाताखाली तिने रॅकेट धरली, तीही डाव्या हातात. सन २००० मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ती कनिष्ठ गटाची राष्ट्रीय विजेती झाली. पुढे श्रुती कुरियनच्या साथीने २००२ ते २००८ अशी ओळीने सात वर्षे महिला दुहेरीचे राष्ट्रीय विजेतेपद तिने हातचे जाऊ दिले नाही. महिला आणि मिश्र दुहेरी मिळून तिची राष्ट्रीय विजेतेपदे चौदा भरतात.

दुहेरी म्हणजे निम्मे श्रम, असा आपला एक सोयीस्कर समज आहे. मैदानावर नजर टाकली तरी तो गळून पडावा. एकेरीचे मैदान १७ फूट रुंद असते, दुहेरीचे २०. रुंदी वाढते ती अवघी तीन फूट, पण माणसे होतात दुप्पट. त्यामुळे फूल जाळीवरून येते-जाते ते डोळ्याचे पाते लवते न लवते तोच. हल्ला चढवताना एकीने जाळीशी राहावे, दुसरीने मागून स्मॅश मारावे. बचावाची वेळ आली की दोघींनी क्षणात शेजारी-शेजारी उभे राहावे. ही अदलाबदल कोणी ओरडून सांगत नाही. ती कळावी लागते. अनेक वर्षे संसार केलेल्या जोडप्यांनाही जे साधत नाही, ते इथे सेकंदाच्या आत साधावे लागते!

ज्वालाला साथही तशीच लाभली. मिश्र दुहेरीत व्ही. दिजूबरोबर ती २००९ साली सुपर सिरीजच्या अंतिम स्पर्धेत उपविजेती ठरली. महिला दुहेरीत अश्विनी पोनप्पा आली. एक डावरी, एक उजवी. अश्विनीने मागून तोफ डागावी आणि ज्वालाने जाळीशी फूल अलगद टिपावे. ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत या दोघींनी सिंगापूरच्या जोडीला २१-१६, २१-१९ असे हरवून सुवर्णपदक जिंकले. महिला दुहेरीतले भारताचे ते पहिलेच राष्ट्रकुल सुवर्ण. पुढच्याच वर्षी लंडनच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी कांस्यपदक मिळविले. त्याआधी जागतिक स्पर्धेतले भारताचे एकमेव पदक होते प्रकाश पदुकोण यांचे, १९८३ सालचे. ज्वालाचा जन्म त्याच वर्षीचा! २०११ मध्येच तिला अर्जुन पुरस्कारही मिळाला.

येथवर समासाची गोष्ट झाली. आता झुंजीची.

लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये ती महिला आणि मिश्र अशा दोन्ही दुहेरींत उतरली. बॅडमिंटनच्या दोन प्रकारांत ऑलिंपिक खेळणारी ती पहिली भारतीय. महिला दुहेरीत ती आणि अश्विनी जपानकडून हरल्या, पण चिनी तैपेई आणि सिंगापूर यांना त्यांनी हरवले. गटात तीन जोड्यांचे प्रत्येकी दोन विजय झाले. मग गुणांचा हिशेब निघाला आणि एका गुणाने उपांत्यपूर्व फेरी हुकली. जपानच्या जोडीने चिनी तैपेईविरुद्धचा सामना जसा गमावला त्याविषयी भारताने तक्रार केली. ती फेटाळली गेली. दुसऱ्याच दिवशी याच स्पर्धेच्या अन्य दोन गटांतल्या चार जोड्यांना, मुद्दाम हरण्याचा खेळ केला म्हणून, बाहेर काढण्यात आले.

दुसरी झुंज होती ती दर्जाची. दुहेरीच्या खेळाडूंना आपल्याकडे सावत्रपणाची वागणूक मिळते, हे ज्वाला उघड बोलत राहिली. तिचा स्वर सर्वांना रुचला नाही. तथापि २०१३ च्या इंडियन बॅडमिंटन लीगमध्ये जे घडले ते तिच्या बोलण्याला पुरावाच ठरले. लीगमधून महिला दुहेरीच वगळण्यात आली आणि ज्वाला व अश्विनी यांची मूळ किंमत ५०,००० डॉलरवरून निम्मी करण्यात आली. साईना नेहवालवर १,२०,००० डॉलरची बोली लागली. ज्वालावर ३१,००० आणि अश्विनीवर २५,०००. जागतिक पदक दोघींच्या गळ्यात असताना ही तफावत! त्याच लीगमधल्या एका सामन्यावरून झालेल्या वादात तिच्यावर आजन्म बंदीची शिफारस झाली. अखेर दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितल्यावर खेळण्याची वाट मोकळी झाली. त्या वादात कोण किती चुकले याचा निवाडा मी करणार नाही. तीस वर्षांच्या एका खेळाडूला मैदानात उतरण्यासाठी आधी न्यायालयाची पायरी चढावी लागली, एवढे मात्र मनात राहते.

उतरल्यावर ती खेळली कशी? २०१४ मध्ये ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक, त्याच वर्षी उबेर चषकात भारतीय संघाबरोबर कांस्यपदक, २०१५ मध्ये कॅनडा ओपनचे विजेतेपद. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मात्र गटातले तिन्ही सामने ती आणि अश्विनी हरल्या. पुढे तिने हैदराबादेत स्वतःची अकादमी काढली.

आज वारे बदलले आहेत. मुंबईचा चिराग शेट्टी आणि आंध्रचा सात्विकसाईराज रंकीरेड्डी २०२३ साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकून जगातली पहिल्या क्रमांकाची जोडी ठरले. त्यांच्या यशाचे श्रेय त्यांचेच. पण दुहेरीतही जगज्जेत्यांच्या पंक्तीत बसता येते, हे भारतीयांना आधी दाखविले ते या डावऱ्या मुलीने आणि तिच्या जोडीदारणीने.

आपल्या घरातली मुले आता सकाळी रॅकेट घेऊन शिकवणीला जातात. थोड्या दिवसांनी प्रशिक्षक सांगतात, “हिला दुहेरीत घालू या.” ते ऐकून आईबापांचा चेहरा पडतो, मुलगी मागे पडली असे त्यांना वाटते. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, स्वतःचा खेळ दुसऱ्याच्या खेळात मिसळूनही उणा पडू न देणे, हे शिकायला फार थोड्यांना मिळते. मुलीला खुशाल दुहेरी खेळू द्या. आणि सामना बघायला जाल तेव्हा, फूल तिच्याकडे नसताना ती काय करते, तेही जरा बघा.