आरवन फाइव्हला व्ही-टूचा चिमटा

एमएच २६ (नांदेड) आणि एमएच २४ (लातूर) वाल्या आरवन फाइव्ह मालकांनो, ही पोस्ट तुमच्यासाठी.

२००८ च्या पहिल्या यामाहा आरवन फाइव्हला लोखंडी स्विंगआर्म, म्हणजे मागचा चिमटा होता. २०११ च्या व्ही-टूला ॲल्युमिनियमचा आला. व्हीलबेस १२९० वरून १३४५ मिलीमीटर झाला, मागचा टायर १०० वरून १३० चा. म्हणूनच जुन्या गाडीला व्ही-टूचा चिमटा बसवायची हौस कस्टमवाल्यांना असते.

पण खरं काम मोजमापाचं आहे. पिव्हट बोल्टचा व्यास, चेसिसमध्ये बसणारी रुंदी, बुश, मोनोशॉकच्या लिंकची जागा, ॲक्सल, मागच्या ब्रेकच्या कॅलिपरचा आधार, सगळं व्हर्नियर कॅलिपरने मोजा. चाक मागे सरकलं की चेन लांब लागते, आणि पुढचं-मागचं स्प्रॉकेट एका रेषेत नसेल तर चेन आणि दात लवकर झिजतात. मला विचाराल तर चाक, ॲक्सल, स्पेसर, कॅलिपर असा पूर्ण संच एकाच गाडीचा घ्यावा. कापून वेल्डिंग केलेला ॲल्युमिनियमचा चिमटा मी कधीच बसवणार नाही, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचा धातू मऊ पडतो.

लांब व्हीलबेसची गाडी लोहा-अहमदपूरच्या सरळ रस्त्यावर जास्त स्थिर वाटेल, वळणात मात्र थोडी सावकाश झुकेल.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. चिमट्याला हात लावण्याआधी आरटीओत विचारून घ्या.