हायफन आणि वजाचिन्ह : मेल सर्व्हरच्या मॅन-पृष्ठांतील मुद्रणदोषांचा विचार

युनिक्स या संगणक-प्रणालीच्या आज्ञांचे विवरण करणाऱ्या पुस्तिकेची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ रोजी बेल प्रयोगशाळेत सिद्ध झाली. या पुस्तिकेतील एकेका नोंदीस ‘मॅन-पृष्ठ’ म्हणण्याचा प्रघात आहे. ई-मेलची ने-आण करणाऱ्या सेन्डमेल, पोस्टफिक्स, ओपनएसएमटीपीडी इत्यादी सर्व्हर-प्रणालींचे विवरणही याच साच्यात लिहिले जाते. या पृष्ठांच्या मुद्रणरचनेत वेळोवेळी ज्या दुरुस्त्या होतात, त्या वरवर पाहणाऱ्यास केवळ शोभेच्या वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः त्यांच्या मुळाशी भाषाभ्यासकाच्या चांगल्या परिचयाचा प्रश्न आहे. मजकुरातील निवेदन कोणते व अवतरण कोणते, हे लेखनात कसे दाखवावयाचे, हाच तो प्रश्न होय.

मॅन-पृष्ठात दोन प्रकारचे लेखन एकत्र नांदत असते. काही वाक्ये वाचकाशी बोलतात; काही अक्षरे मात्र वाचकाने जशीच्या तशी उचलून यंत्राच्या हाती द्यावयाची असतात. पहिल्या प्रकारात मुद्रणाने डोळ्यास सुख द्यावे, हे योग्यच आहे. दुसऱ्या प्रकारात चिन्हाची सुबकता गौण असून त्याची ओळख अबाधित राहणे हेच सर्वस्व असते. दोषांचा उगम बहुधा या दोहोंची गल्लत होण्यात असतो.

हायफनाचे उदाहरण घ्यावे. १९६३ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आस्की या चिन्हसंचात हायफन आणि वजाचिन्ह यांना मिळून एकच जागा, ४५ व्या क्रमांकाची, देण्यात आली होती. पुढे १९७३ च्या सुमारास जोसेफ ओसाना यांनी प्रकाश-मुद्रणयंत्रासाठी ट्रॉफ ही अक्षरजुळणीची प्रणाली रचली. मुद्रकाच्या दृष्टीने हायफन आखूड व वजाचिन्ह लांब असल्यामुळे तिला हा भेद करणे भाग होते. नुसती आडवी रेघ लिहिली तर हायफन, तिच्यापूर्वी डावीकडे झुकलेली तिरपी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश, लिहिला तर वजाचिन्ह, असा संकेत ठरला. मॅन-पृष्ठे आजही याच संकेतानुसार लिहिली जातात. पडद्यावर आस्कीखेरीज दुसरी चिन्हे उमटत नव्हती, तोवर लेखकाची चूक झाकून राहिली. युनिकोड आल्यावर नुसत्या रेघेचा खरा हायफन झाला आणि त्याचा क्रमांक ४५ न राहता ८२०८ झाला.

डोळ्यास हा फरक दिसत नाही, यंत्रास तेवढाच दिसतो. मराठी वाचकास हा प्रकार अगदीच अपरिचित नसावा. ‘दुःख’ या शब्दात विसर्गाऐवजी अपूर्णविरामाची टिंबे टंकित केली, तर कागदावर शब्द तसाच भासतो. पण संगणकावरील शोधात तो सापडत नाही. सेन्डमेल आज्ञेच्या बाबतीत परिणाम याहून विचित्र होतो. तिला वजाचिन्हासह ‘बीपी’ ही दोन रोमन अक्षरे दिली असता ती टपालाच्या रांगेची यादी दाखविते. पृष्ठावरून उतरून घेतलेल्या मजकुरात ८२०८ क्रमांकाचा हायफन आला, तर तो शब्द पर्याय न मानता पत्र घेणाऱ्याचा पत्ता मानला जातो, आणि आज्ञा पत्राच्या मजकुराची वाट पाहत स्तब्ध राहते.

तरीही येथे काहीतरी बिनसले आहे, हे माणसाच्या लक्षात येते. अधिक घातक दोष मूक असतात. पोस्टफिक्समध्ये नको असलेली पत्रे शीर्ष-ओळींवरून ओळखून परत लावण्यासाठी आकृतिबंधांची सारणी देता येते. ‘ओळीच्या आरंभी’ हा अर्थ त्यात कॅरेट, म्हणजे टोपीसारखे चिन्ह, व्यक्त करते. त्याचा क्रमांक ९४. मॅन-पृष्ठाच्या मूळ लेखनात ते नुसतेच लिहिले, तर पडद्यावर त्याच्या जागी ७१० क्रमांकाचे, स्वरावर द्यावयाचे टोपीचिन्ह उमटू शकते. असा आकृतिबंध व्याकरणदृष्ट्या निर्दोष असतो. फक्त तो कोणत्याही शीर्ष-ओळीत नसलेले अक्षर शोधीत राहतो. दोषाची सूचना मिळत नाही, आणि अडवावयाची पत्रे सुखाने आत येतात. बॅकस्लॅशची गत याच्या उलट आहे. आकृतिबंधात टिंबापूर्वी तो असला तर टिंब म्हणजे टिंबच, नसला तर कोणतेही अक्षर. अक्षरजुळणीची प्रणाली मात्र बॅकस्लॅश हे आपल्यासाठी असलेले आदेशचिन्ह समजून गिळून टाकते. छापलेला आकृतिबंध त्यामुळे मूळापेक्षा सैल होतो, आणि निरपराध पत्रेही परत जाऊ शकतात. यास्तव बॅकस्लॅश दाखवावयाचा असल्यास त्याच्यापुढे रोमन ‘ई’ लिहावे लागते.

टिंबाचे आणखी एक प्रकरण मोठे मनोरंजक आहे. मूळ लेखनात ओळीच्या आरंभी टिंब आले की ती ओळ आदेशाची ठरते. आलेले पत्र दुसरीकडे धाडण्यासाठी वापरकर्ता जी फाईल ठेवितो, तिचे ‘फॉरवर्ड’ हे नावच टिंबाने सुरू होते. परिच्छेद जुळविताना ते ओळीच्या आरंभी गेले, की अनोळखी आदेश म्हणून ती अख्खी ओळ पृष्ठावरून नाहीशी होते. टिंबापूर्वी शून्य रुंदीचे चिन्ह घालणे हा त्यावरील उपाय होय. योगायोग असा की, ई-मेलच्या वहनाचा जो नियमसंच जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये प्रसिद्ध केला, त्यातही एकट्या टिंबाची ओळ पत्राची समाप्ती सुचविते. म्हणून मजकुरातील ओळीच्या आरंभीचे टिंब पाठविताना दुप्पट करावे लागते.

ठळक व तिरप्या अक्षरांचे दोष त्या मानाने सौम्य. आज्ञेचे नाव ठळक, वाचकाने स्वतः भरावयाचा शब्द तिरपा आणि विभागाचा कंसातील क्रमांक साधा, एवढा दंडक पाळला म्हणजे पुरे.

ही दुरुस्ती सरसकट करता येईल काय? सर्व रेघांपूर्वी बॅकस्लॅश घालण्याचा मोह काहींना होतो. मग सामासिक शब्दांतही वजाचिन्हे शिरतात, आणि छापील प्रतीत ती बेढब दिसतात. वाक्य वाचून, त्याचा अर्थ कळल्यावरच कोणती रेघ कोणत्या जातीची हे ठरते. जुलै २०२३ मध्ये ग्रॉफ या जुळणी-प्रणालीची १.२३.० ही आवृत्ती निघाली, तेव्हा पडद्यावरही हा भेद काटेकोरपणे पाळण्याचे धोरण तिने स्वीकारले. त्यावर बराच वाद होऊन डेबियनसारख्या वितरणाने दोन्ही रेघा पुन्हा एक केल्या. वापरणाऱ्याची सोय त्यात आहे, हे नाकारता येत नाही; परंतु मूळ लेखनातील चूक त्यामुळे झाकली जाते, आणि छापील प्रतीत ती तशीच राहते. सिंथिया लिव्हिंग्स्टन यांच्या एमडॉक या पद्धतीत याहून समंजस वाट आहे. ओपनएसएमटीपीडीची पृष्ठे तिच्यात लिहिलेली आहेत. तीत लेखक ‘हा पर्याय आहे’ एवढेच नोंदवितो; रेघ प्रणाली स्वतः पुरविते.

पोस्टफिक्सच्या बाबतीत मात्र दुरुस्ती कोठे करावयाची, हे आधी पाहावे लागते. तिची मॅन-पृष्ठे स्वतंत्रपणे लिहिलेली नसतात. आज्ञावलीच्या मूळ फाईलींच्या आरंभी असलेल्या टिपणांतून ती एका लहान आज्ञावलीच्या साहाय्याने काढली जातात. तयार पृष्ठावर केलेली दुरुस्ती पुढील बांधणीत पुसली जाते. सारण्यांच्या विवरणाचे मूळ तर आणखी एका ठिकाणी पोचते. प्रणालीबरोबर मिळणाऱ्या नमुना-फाईलींत तोच मजकूर टिपण म्हणून उतरतो, आणि व्यवस्थापक आपली सारणी त्याच फाईलीत, त्या टिपणाच्या खाली लिहू लागतो.