१९८२ : सोळा शर्यती, अकरा विजेते

मोटार शर्यतींच्या इतिहासातलं एकच वर्ष निवडा असं कुणी म्हणालं, तर मी क्षणाचाही विचार न करता १९८२ सांगेन. त्या वर्षी फॉर्म्युला वनच्या सोळा शर्यती झाल्या आणि त्या अकरा वेगवेगळ्या चालकांनी जिंकल्या. दोनपेक्षा जास्त विजय कुणाच्याच वाट्याला आले नाहीत. मोनॅकोपासून दिजोंपर्यंत सलग नऊ शर्यती आणि नऊ निराळे विजेते! विश्वविजेता ठरलेल्या केके रोझबर्गने अख्ख्या हंगामात एकच शर्यत जिंकली. आणि याच वर्षी दोन चालक जिवानिशी गेले, तिसऱ्याची कारकीर्द हॉस्पिटलच्या खाटेवर संपली. आपल्याकडे ८२ म्हटलं की दिल्लीचे आशियाई खेळ आणि रंगीत टीव्ही आठवतो. शर्यतींच्या जगात मात्र त्या वर्षावरचे वाद अजून मिटलेले नाहीत.

इतकी अनिश्चितता आणि इतकी जीवितहानी एकाच वर्षात कशी, याचं उत्तर बऱ्याच अंशी त्या गाड्यांच्या तळाशी सापडतं. विमानाचा पंख उलटा बसवला की तो वर उचलण्याऐवजी खाली दाबतो. लोटस संघाच्या कॉलिन चॅपमनने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात गाडीच्या दोन्ही बाजूंचा तळच उलट्या पंखासारखा घडवला. तळाखालून हवा वेगाने निसटते, तिथला दाब उतरतो आणि गाडी रस्त्याला चिकटून राहते. वादळात घरावरचा पत्रा ज्या जोराने वर उडतो, तोच जोर इथे उलट्या दिशेने कामाला लावलेला. बाहेरची हवा आत शिरू नये म्हणून कडांना जमिनीपर्यंत झालरी लावायच्या. झालर आणि रस्ता यांच्यातलं अंतर जरा बदललं की सगळा हिशोब कोलमडतो, म्हणून स्प्रिंगा दगडासारख्या ताठ केलेल्या. रस्त्यावरचा प्रत्येक उंचवटा थेट चालकाच्या मणक्यात उतरायचा. शिवाय चालकाला इतकं पुढे सरकवलेलं, की त्याचे पाय पुढच्या चाकांच्या आसाच्याही पुढे. बहुतेक गाड्यांत त्या पायांसमोर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यापलीकडे काही नसे. वळणांवरचा वेग वर्षागणिक वाढत होता. माणसाला वाचवण्याची तजवीज होती तिथेच राहिली होती.

दुसरा झगडा इंजिनांचा. रेनॉ आणि फेरारीकडे दीड लिटरची टर्बो इंजिनं होती, ताकदवान पण बेभरवशाची. बहुतेक ब्रिटिश संघांची भिस्त १९६७ पासून धावणाऱ्या तीन लिटरच्या कॉसवर्थवर. ताकदीत मार खाणाऱ्यांनी वजनात पळवाट शोधली. किमान वजन ५८० किलो, आणि शर्यतीनंतर वजन करण्यापूर्वी द्रवपदार्थ पुन्हा भरायला मुभा होती. मग ‘ब्रेक थंड करायला’ म्हणून पाण्याच्या टाक्या बसवल्या गेल्या. सुरुवातीलाच पाणी सोडून द्यायचं, हलक्या गाडीने शर्यत करायची आणि शेवटी टाकी भरून वजनकाट्यावर उभं राहायचं. ब्राझीलमध्ये पहिला आलेला नेल्सन पिके आणि दुसरा आलेला रोझबर्ग यासाठीच बाद झाले आणि विजय तिसऱ्या आलेल्या अलँ प्रोस्तला मिळाला. चिडलेल्या ब्रिटिश संघांपैकी बहुतेकांनी एप्रिलमधल्या इमोलाच्या शर्यतीवर बहिष्कार टाकला. तिथे फक्त चौदा गाड्या धावल्या.

त्याआधी जानेवारीत खुद्द चालकांनीच संप केला होता. दक्षिण आफ्रिकेतल्या क्यालामीच्या शर्यतीआधी नव्या परवान्याच्या अर्जात चालकाला संघाशी जखडून ठेवणारी कलमं असल्याचं दोन वर्षांच्या निवृत्तीनंतर परतलेल्या निकी लाउडाच्या ध्यानात आलं. सरावाच्या दिवशी जवळजवळ सगळे चालक बसमध्ये बसून जोहान्सबर्गच्या एका हॉटेलात गेले, एका दालनात गाद्या टाकून रात्रभर एकत्र राहिले. एलिओ दे आंजेलिसने पियानो वाजवून सगळ्यांना धीर दिला. ट्रॅकवर थांबून अधिकाऱ्यांशी बोलणी करत होता चालक संघटनेचा अध्यक्ष, फेरारीचा दिदिए पिरोनी. हा तपशील मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे याच माणसाला स्वार्थी ठरवून जग मोकळं झालं. दुसऱ्या दिवशी तडजोड झाली, शर्यतही झाली. टायर फुटून मागे पडलेल्या प्रोस्तने ती जिंकली.

इमोलाला रेनॉच्या दोन्ही गाड्या बंद पडल्यावर पुढे उरल्या त्या दोन लाल फेरारी. झील व्हिलनव्ह आणि पिरोनी. पिटमधून ‘हळू’ अशी पाटी दाखवली गेली. व्हिलनव्हने त्याचा अर्थ लावला, आहे त्या क्रमाने घरी या. त्याने इंधन वाचवायला वेग उतरवला. पिरोनीच्या लेखी पाटीचा अर्थ एवढाच, की गाडी जपा. क्रम ठरलेला नाही. दोघे एकमेकांना ओलांडत राहिले. प्रेक्षकांना वाटलं, घरच्या मैदानावर खेळ चालला आहे. शेवटच्या फेरीत तोसाच्या वळणावर पिरोनी आतून शिरला आणि जिंकला. व्यासपीठावर व्हिलनव्हचा चेहरा दगडासारखा होता. पिरोनीशी पुन्हा बोलणार नाही, असं त्याने जाहीर केलं.

तेरा दिवसांनी, ८ मे रोजी बेल्जियममध्ये झोल्डरला पात्रता फेरी होती. तेव्हा पात्रतेसाठी खास मऊ टायर असत. प्रत्येक गाडीला दोनच संच, आणि एका संचात वेगाची एखादीच फेरी निघायची. त्या एका फेरीत वाटेत कुणी आडवं आलं तर थांबायची सोय नाही. टायर वाया, संधी वाया. पिरोनीची वेळ व्हिलनव्हपेक्षा सेकंदाच्या दशांशाने सरस होती. व्हिलनव्ह शेवटच्या टायरांवर होता. समोर योखेन मासची मार्च सावकाश चालली होती. मासने वाट द्यायला गाडी उजवीकडे घेतली, व्हिलनव्हनेही नेमकी उजवीच बाजू धरली. पुढचं चाक मागच्या चाकावर चढलं, फेरारी हवेत उडाली आणि चालक आसनासकट बाहेर फेकला गेला. त्याच रात्री व्हिलनव्ह वारला. वय ३२.

या मृत्यूचा दोष पिरोनीच्या माथी मारण्याची रीत पडली आहे. मला ती पटत नाही. संघसहकाऱ्याने दुखावलेला माणूस रागात गाडी हाकत होता, हे खरं असेल. पण प्रत्येक चालकाला एकाच फेरीचा जुगार खेळायला लावणारे टायर, सावकाश आणि सुसाट गाड्या एकाच वेळी एकाच रस्त्यावर सोडणारी पद्धत आणि उघडी चाकं एकमेकांवर चढली की विमानासारख्या उडणाऱ्या गाड्या, हे सारं पिरोनीने घडवलेलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी मोनॅकोला जे झालं ते कादंबरीत लिहिलं तर वाचक विश्वास ठेवणार नाही. ७६ फेऱ्यांपैकी ७४ व्या फेरीत भुरभुर पावसात आघाडीवरचा प्रोस्त कठड्यावर आपटला. रिकार्डो पात्रेसे पुढे गेला, तो पुढच्याच फेरीत गिरकी खाऊन थांबला. आता पिरोनी पुढे. शेवटच्या फेरीत त्याची गाडी बोगद्यात बंद पडली. आन्द्रेआ दे चेझारिसला संधी होती, त्याचं इंधन संपलं. डेरेक डेलीचा मागचा पंख आधीच तुटलेला, त्याचा गिअरबॉक्सही गेला. दरम्यान पात्रेसेने उतारावर गाडी घरंगळवून इंजिन सुरू केलं होतं. त्याने रेषा ओलांडली तेव्हा आपण जिंकलो आहोत हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याचा फॉर्म्युला वनमधला तो पहिला विजय!

जूनमध्ये डेट्रॉइटच्या रस्त्यांवर जॉन वॉटसनने सतराव्या जागेवरून सुरुवात करून शर्यत मारली. तिथे पात्रसुद्धा न ठरलेला पिके आठवड्याभरात माँट्रियलला बीएमडब्ल्यू टर्बोचा पहिला विजय मिळवून गेला. पण माँट्रियल आठवतं ते वेगळ्या कारणाने. ट्रॅकला नुकतंच व्हिलनव्हचं नाव दिलेलं. सगळ्यांत पुढे उभ्या पिरोनीची गाडी सुटण्याच्या क्षणी बंद पडली. बाकीच्या बहुतेकांनी कसंबसं चुकवलं. पार मागून येणाऱ्या ओसेलाच्या रिकार्डो पालेत्तीला ती दिसलीच नाही. इटलीचा हा तरुण दोन दिवसांनी चोवीस वर्षांचा होणार होता, ही त्याची जेमतेम दुसरी शर्यत. त्याची आई तिथे हजर होती. मोडलेल्या गाडीकडे पहिल्यांदा धावलेल्यांत पिरोनी होता. डॉक्टर सिड वॉटकिन्स यांच्यासोबत तो पालेत्तीला सोडवू पाहत असतानाच सांडलेल्या पेट्रोलने पेट घेतला. पालेत्ती वाचला नाही.

फॉर्म्युला वनच्या बाहेरही ते वर्ष भारलेलं होतं. इंडियानापोलिसला गॉर्डन जॉनकॉकने पाचशे मैलांनंतर रिक मिअर्सला अवघ्या ०.१६ सेकंदाने मागे टाकलं. ल मॉंला नव्या पोर्शे ९५६ गाड्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आल्या आणि जॅकी इक्सचा तिथला सहावा विजय नोंदला गेला. पण थांबून सांगावी अशी गोष्ट मिशेल मूतोंची आहे. चारही चाकांना ताकद देणाऱ्या आउडी क्वात्रोत, शेजारी सहचालक फाब्रित्झिया पोन्स, अशा या फ्रेंच बाईने पोर्तुगाल, ग्रीस आणि ब्राझील या तीन जागतिक रॅली जिंकल्या. विजेतेपदाचा फैसला व्हायचा होता आयव्हरी कोस्टला. तिथे सुरुवातीच्या तोंडावरच वडील गेल्याची बातमी तिला मिळाली. तरी ती गाडीत बसली, मोठी आघाडी घेतली. पुढे गिअरबॉक्सने दगा दिला आणि शेवटी अपघात झाला. वाल्टर रोर्ल १०९ गुणांनी विजेता, मूतों ९७ गुणांनी दुसरी. जागतिक रॅलीत तिच्या इतक्या उंचीवर दुसरी स्त्री अजून पोचलेली नाही.

परत फॉर्म्युला वनकडे. जुलैअखेर पिरोनी ३९ गुणांनी आघाडीवर होता. ७ ऑगस्टला हॉकेनहाइमला पावसात सराव चालला होता. डेरेक डेली बाजूला झाला तो आपल्यालाच वाट देतोय, असं पिरोनीला वाटलं. प्रत्यक्षात डेली प्रोस्तला ओलांडत होता, आणि उडणाऱ्या पाण्याच्या पडद्यात प्रोस्तची रेनॉ दिसत नव्हती. पुन्हा चाकावर चाक चढलं, पुन्हा फेरारी हवेत. हा जणू झोल्डरचाच अपघात होता. पिरोनी जगला, पण दोन्ही पाय चिरडले गेले. फॉर्म्युला वनमध्ये तो पुन्हा धावला नाही. पुढच्या दिवशी व्हिलनव्हच्या २७ क्रमांकाची फेरारी चालवत पात्रिक ताम्बेने शर्यत जिंकली. त्या महिन्यात ऑस्ट्रियाला दे आंजेलिसने रोझबर्गला ०.०५ सेकंदाने हरवलं. लोटसच्या विजयाला टोपी हवेत उडवायची चॅपमनची रीत होती. ती त्या दिवशी शेवटची उडाली. डिसेंबरात तो ५४ व्या वर्षी हृदयविकाराने गेला.

आणि रोझबर्ग? १९८१ मध्ये या फिनिश चालकाला एकही गुण मिळाला नव्हता. ॲलन जोन्स निवृत्त झाला म्हणून फ्रँक विल्यम्सने त्याला घेतलं; दोन शर्यतींनंतर कार्लोस रॉइटमनही सोडून गेला आणि नवखा माणूस संघाचा म्होरक्या झाला. कॉसवर्थच्या जुन्या इंजिनावर त्याने टर्बोंशी झुंज दिली, गुणामागून गुण जोडले. दिजोंला, फ्रान्सच्या भूमीवर भरलेल्या स्विस ग्रां प्रीत, दोन फेऱ्या उरल्या असताना प्रोस्तला ओलांडून तो पहिल्यांदा जिंकला. स्वित्झर्लंडने १९५५ च्या ल मॉं दुर्घटनेनंतर शर्यतींवर बंदी घातली होती, म्हणून ही सोय. लास व्हेगसला मिकेले अल्बोरेतो जिंकला, रोझबर्ग पाचवा आला आणि ४४ गुणांवर विश्वविजेता झाला. शेवटच्या पाच शर्यतींना मुकूनही पिरोनी ३९ गुणांवर, वॉटसनच्या बरोबरीने. रोझबर्गला नशिबाने विजेतेपद मिळालं असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन: सोळा शर्यतींत कुणालाच तिसरा विजय साधला नाही, अशा वर्षात सातत्य हेच सर्वांत अवघड कसब होतं.

१९८३ साठी गाड्यांचा तळ सपाट करण्याचा नियम आला, झालरी गेल्या. चालकाचे पाय पुढच्या आसाच्या मागे हवेत, हा नियम १९८८ मध्ये आला. पालेत्तीनंतर ग्रां प्रीच्या दिवसांत चालकाचा मृत्यू झाला तो थेट १९९४ मध्ये, इमोलालाच.

पिरोनी १९८७ मध्ये वेगवान बोटींच्या शर्यतीतल्या अपघातात गेला. त्यानंतर त्याच्या जोडीदारणीला जुळे मुलगे झाले. त्यांची नावं तिने दिदिए आणि झील ठेवली. सुट्टीत सवड मिळाली तर मोनॅकोच्या त्या शेवटच्या तीन फेऱ्यांचं चित्रीकरण जरूर पाहा. इमोलाची शर्यतही पाहा. मात्र पिरोनीबद्दल मत ठरवण्याआधी क्यालामीला सहकाऱ्यांसाठी भांडणारा आणि माँट्रियलला पालेत्तीकडे धावलेला माणूसही तोच होता, हे विसरू नका.