तेलबियांतील विष आणि व्यापाऱ्याचा विवेक

संघाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी धान्यबाजारासंबंधी काही लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली. भावांची चढउतार आणि मंडीतील अडचणी यांवर दरवर्षी पुष्कळ लिहिले जाते; म्हणून आम्ही यंदा निराळा विषय घेतला आहे. ज्या बीत विष आहे, त्याच बीचे तेल मनुष्य दिव्यात, औषधात, यंत्रात आणि आता इंजिनातही वापरतो. हे कसे साधते, आणि त्यात आपणां व्यापाऱ्यांचा हात कोठे पोहोचतो, हे थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

आमचे वास्तव्य भोपाळच्या सोनागिरी वसाहतीत आहे. (परगावचे बंधू नाव ऐकताच चंद्रप्रभूंच्या दर्शनाची चौकशी करतात. ते दतिया जिल्ह्यातील सिद्धक्षेत्र सोनागिर निराळे. आमची वसाहत भेलच्या कारखान्यानजीकची.) येथून रायसेन रस्त्याने थोडे बाहेर पडले की पडीक जमिनीत आणि कुंपणांना तीन झाडे हटकून दिसतात : एरंड, मोगली एरंड आणि पिवळा धोत्रा. तिन्हींच्या बिया तेलकट, तिन्ही विषारी. परंतु तिघांच्या विषाची तऱ्हा मात्र एक नव्हे.

एरंडाच्या बीत रिसिन नावाचे अत्यंत जहाल विष असते. १९७८ साली लंडनमध्ये मार्कोव्ह नावाच्या बल्गेरियन लेखकाचा खून झाला, तो याच विषाच्या कणभर मात्रेने. असे असता आपल्या आज्या-पणज्यांनी मुलांना एरंडेल कसे पाजले? उत्तर सोपे आहे. रिसिन हे प्रथिन असून ते तेलात विरघळत नाही. बी पिळली की विष पेंडीत राहते आणि तेल वेगळे होते. उरलासुरला अंश उष्णतेने निकामी होतो. म्हणून एरंडीची पेंड गुरांना न घालता शेतात खत म्हणून टाकण्याची रीत पडली. हे तेल दाट असते आणि पेट्रोलात सहजी मिसळत नाही. या गुणामुळे पहिल्या महायुद्धातील विमानांच्या इंजिनांना तेच वंगण म्हणून वापरीत. ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच पडले. आपल्या धंद्यात तर वर्षाच्या गव्हाला आणि तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात लावून ठेवण्याची चाल जुनीच आहे. कीड मारण्याऐवजी ती होऊच न देण्याचा हा उपाय आपल्या अहिंसाधर्माशी किती जुळतो, हे निराळे सांगावयास नको.

मोगली एरंडाची गोष्ट वेगळी. हिंदीत यास रतनजोत म्हणतात. हे झाड मूळचे अमेरिका खंडातील. गुरे याला तोंड लावीत नाहीत, म्हणून शेतकरी कुंपणाला लावतात. बिया चवीला बऱ्या लागतात आणि हीच मोठी आपत्ती. सुट्टीत खेळणारी मुले शेंगदाण्यासारख्या त्या खातात आणि काही तासांत उलट्या व जुलाब सुरू होऊन रुग्णालयात न्यावी लागतात. महाराष्ट्रातून व मध्य प्रदेशातून अशा बातम्या वारंवार येतात. या बीतील एक विष प्रथिनाच्या जातीचे असून ते पेंडीत राहते. परंतु दुसरे, ज्यास फॉर्बोल एस्टर म्हणतात, ते तेलात उतरते आणि साध्या उष्णतेने नष्ट होत नाही. म्हणजे एरंडेलाचा न्याय येथे लागत नाही. हे तेल जाळावे, खाऊ नये.

जाळण्याची कल्पना नवी नाही. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेलचे एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविले होते. वनस्पती तेल दाट असते, म्हणून त्यात मिथाइल अल्कोहोल व थोडा क्षार घालून त्याचे पातळ इंधन करतात आणि खाली ग्लिसरीन उरते. यालाच बायोडिझेल म्हणतात. २००३ साली योजना आयोगाच्या समितीने मोगली एरंडाच्या लागवडीची मोठी योजना मांडली. पडीक जमीन, पाणी नको, खत नको, आणि डिझेलात २० टक्के मिश्रण, असा तो हिशेब होता. कागदावर तो बरोबर होता. झाडाने मात्र तो मानला नाही. पाण्या-खताविना झाड जगते, पण बी धरीत नाही. ज्यांनी हौसेने लावले त्यांतील कित्येकांनी पुढे उपटून टाकले. तरी या तेलाची योग्यता खोटी नव्हे : २७ ऑगस्ट २०१८ रोजी देहरादूनहून दिल्लीपर्यंत एक प्रवासी विमान या तेलापासून केलेले इंधन काही प्रमाणात मिसळून उडाले. आमच्या मते आज अधिक व्यवहार्य मार्ग तळणीच्या उरलेल्या तेलाचा आहे. २०१८ पासून खाद्य सुरक्षा प्राधिकरणाने असे तेल वारंवार वापरण्यावर मर्यादा घातली आणि ते बायोडिझेलकडे वळविण्याचा उपक्रम काढला. फरसाणवाल्याच्या कढईतील काळे तेल हातगाडीवाल्याच्या कढईत जाण्यापेक्षा इंजिनात गेलेले बरे.

आता पिवळा धोत्रा. काटेरी पाने, पिवळे फूल. इकडे त्याला ‘सत्यानाशी’ म्हणतात आणि हे नाव यथार्थ आहे. त्याची बी मोहरीसारखी दिसते आणि विष थेट तेलात उतरते. असे तेल पोटात गेल्यास सूक्ष्म रक्तवाहिन्या सैल होऊन पाझरू लागतात, पाय सुजतात, धाप लागते, डोळ्यांत काचबिंदू होतो, हृदय थकते. मोहरीच्या तेलात शंभरात एक भाग मिसळला तरी मनुष्य आजारी पडू शकतो. कलकत्त्यात १८७७ साली या साथीची प्रथम नोंद झाली. १९९८ च्या ऑगस्टात दिल्लीत ६० हून अधिक माणसे दगावली आणि सुमारे ३,००० आजारी पडली. त्यानंतर खाद्यतेल बंद डब्यांतूनच विकण्याचा केंद्र सरकारचा हुकूम निघाला. मोहरी कापून झाल्यावर, उन्हाळ्यात, धोत्र्याची बोंडे पिकतात. तेव्हा मोठ्या प्रमाणातील भेसळ आपोआप होते, हे म्हणणे आम्हांस पटत नाही.

येथे आमची स्वतःची एक चूक सांगणे प्राप्त आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी उत्तरेकडून मोहरीची चाळीस पोती आली. भाव नेहमीपेक्षा कमी होता. त्या वेळी तो आम्हांस आनंदाचा वाटला, संशयाचा वाटला नाही. बारा पोती जवळच्या गावच्या एका घाणेवाल्यास दिली गेली. दुसऱ्या दिवशी आमच्या एका वृद्ध हमालाने सांडलेले दाणे हातावर घेतले आणि म्हणाला, “शेठजी, ही सगळी मोहरी नव्हे.” आम्ही तत्काळ गाडी काढली. पोहोचेतो चार पोती पिळून झाली होती आणि घाणेवाल्याच्या घरी त्या तेलात एक वेळची भाजीही शिजली होती. उरलेली पोती व सर्व तेल आम्ही परत घेतले. पुढील तीन आठवडे रोज सायंकाळी फोन करून त्या घरातील माणसांच्या पायांना सूज आहे काय, हे विचारीत होतो. कोणास काही झाले नाही.

तेलाचे काय करावे, हा प्रश्न राहिला. एक गृहस्थ साबणासाठी घेण्यास तयार होते व पैसेही बरे देत होते. परंतु १९८१ साली स्पेनमध्ये काय घडले, ते आम्ही वाचले होते. कारखान्यासाठी आणलेले, खाण्यास अयोग्य करण्यासाठी मुद्दाम रसायन मिसळलेले तेल लबाडांनी शुद्ध करून बाजारात विकले. वीस हजार माणसे बाधित झाली, शेकडो मेली. तेव्हा सौदा नाकारून ते तेल आम्ही वीटभट्टीत डोळ्यांदेखत जाळले. उरलेली मोहरीही तेथेच गेली.

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात, जे आपल्या दोन्ही संप्रदायांस मान्य आहे, अचौर्यव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपकव्यवहार’ गणला आहे. म्हणजे चांगल्या मालात तसाच दिसणारा हलका माल मिसळणे. श्रावकास वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत विषवाणिज्यही आहे. आम्ही दोन्ही पाठ केली होती. दाणा पारखण्यास मात्र हमाल लागला.

ती पारख येथे देतो. मोहरीचा दाणा गुळगुळीत असतो, नखाखाली फुटला की आत पिवळा निघतो. धोत्र्याची बी काळपट, पृष्ठभाग जाळीदार व खरखरीत, आणि आत पांढरी असते. तेलाचा संशय असल्यास प्रयोगशाळेत नायट्रिक आम्लाची परीक्षा करतात. लालसर तपकिरी रंग आला की तेल दूषित समजावे. हे आम्ल दाहक आहे, दुकानात हाताळू नये.

आमच्या गादीवर आता काचेच्या दोन बाटल्या असतात, एकीत मोहरी, दुसरीत धोत्रा; चिठ्ठी कोणावरच नाही. नवा मुनीम आला की त्या त्याच्यापुढे ठेवतो. हमालांना विचारावे लागत नाही.