चेंडू गेल्यावर कळतं

शहाळेवाला टिचकी मारतो आणि आत मलई आहे की नुसतं पाणी, ते सांगतो. मुलुंडला टेनिस रॅकेटचं गटिंग करून, म्हणजे तारा विणून, देणारे एक काका आहेत, ते रॅकेटही तशीच ऐकतात. मुठीच्या टोकापासून सहाएक इंचांवर दोन बोटांच्या चिमटीत ती हलकेच धरायची, तोंड खाली करून लोंबकळू द्यायची. मी तारांच्या मधोमध एक बोट टेकवायचं, म्हणजे तारांचा टणत्कार मध्ये येत नाही. मग ते फ्रेमच्या टोकाला बोटाच्या पेराने टक् करतात.

"ऐका."

कान जवळ नेला की फ्रेम गुणगुणते. अगदी बारीक, माशीच्या पंखांएवढा आवाज, पण स्पष्ट सूर. माझी रॅकेट चढ्या सुरात बोलली. काकांनी कपाटातून दुसरी काढली, तशीच धरली, टक् केलं. ती खाली, खर्जाकडे बोलली. वजन जवळपास सारखं, लांबी तीच २७ इंच, आणि तरी दोन वेगळे गळे.

मी तिथे कोपर घेऊन गेलो होतो. अठरा वर्षं खेळतोय, क्लबातल्या मार्करबरोबर, म्हणजे सराव देणाऱ्या पगारी खेळाडूबरोबर, तासभर बरोबरीने टिकतो, आणि सकाळी सांडशीने दुधाचं पातेलं उचलता येईना. नळ फिरवताना, बोरिवली लोकलमध्ये वरची कडी धरताना कोपराच्या बाहेरच्या हाडावर कळ यायची. सहा महिन्यांपूर्वी एका दुकानात मला नवी, हलकी, चेंडू बंदुकीसारखा सोडणारी रॅकेट सुचवली होती आणि मी आनंदाने घेतली होती. तिच्यात कडक पॉलिएस्टर तार, तीही ताणून ५६ पौंडांवर. या रॅकेटचं माझ्या कोपराशी नेमकं काय बिनसलं, ते शोधता शोधता मला जे कळलं त्याने मी अजून चकित आहे.

चेंडू तारांना टेकतो तो जेमतेम ५ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भाग. तेवढ्यात चेंडू चपटा होतो, तारा खोलगट होतात, दोघं परत सरळ होतात आणि चेंडू निघून जातो. आता हाताची बाजू बघा. तळव्यातली स्पर्शाची बातमी मज्जातंतूंतून सेकंदाला साठ-सत्तर मीटर वेगाने धावते. हातापासून मेंदूपर्यंतचं अंतर साधारण मीटरभर. म्हणजे बातमी पोचायलाच पंधरा-वीस मिलिसेकंद लागतात. तोवर ताशी १०० किलोमीटरने निघालेला चेंडू तारांपासून हातभर पुढे गेलेला असतो. "वा, काय मस्त बसला!" असं जे आपल्याला हातात जाणवतं, ते चेंडू गेल्यानंतरचं असतं. फटका चालू असताना त्यात दुरुस्ती करायला कुणालाच वाव नाही. फेडररलाही नाही.

म्हणून रॅकेट निवडणं ही इतकी गंभीर गोष्ट आहे. त्या ५ मिलिसेकंदांत आपण गैरहजर असतो. तिथे आपल्या वतीने काय घडावं, हे आधीच दुकानात ठरवून ठेवायचं असतं.

त्या गुणगुणण्याकडे परत येतो. चेंडू आदळला की फ्रेम धनुष्यासारखी वाकते आणि मग कंप पावत राहते. नरम फ्रेम सेकंदाला सुमारे १३० वेळा, कडक फ्रेम त्याहून बरीच जास्त वेळा. १३० म्हणजे एका हेलकाव्याला साधारण साडेसात मिलिसेकंद. आणि चेंडू तर पाचातच निघून जातो! नरम फ्रेम वाकून परत सरळ होईपर्यंत चेंडू थांबतच नाही. फ्रेम वाकवण्यात खर्ची पडलेली ताकद चेंडूला परत मिळत नाही, ती गुणगुणण्यात विरून जाते. कडक फ्रेम मुळात वाकतेच कमी, म्हणून तिथे कमी ताकद वाया जाते आणि चेंडू जोरात सुटतो. जाहिरातीत 'पॉवर' म्हणतात ती बरीचशी हीच.

मग ताकद वाया घालवणारी रॅकेट चांगला खेळाडू पैसे मोजून का घेतो? कारण त्याच्याकडे ताकद आहे, त्याला हवी असते ती खात्री. टेनिसचं कोर्ट २३.७७ मीटर लांब. बेसलाइनवरून मारलेला चेंडू दिशेत एकच अंश चुकला, तर पलीकडच्या बेसलाइनपर्यंत जाताना ४१ सेंटिमीटर बाजूला सरकतो. रेषेवर पडायचा तो बाहेर. ज्याचा हात पूर्ण फिरतो, त्याच्या हातात चेंडू उडवणारी रॅकेट दिली की तो चेंडू बाहेर जाईल या धास्तीने हात आखडता घेतो. आखडलेला हात म्हणजे आवळलेली मूठ, आणि आवळलेल्या मुठीचा हिशेब थेट कोपराशी होतो. कमी ताकद देणारी रॅकेट हातात आली की तोच माणूस मोकळा फिरतो. नियंत्रण आणि आराम या दोन वेगळ्या मागण्या आहेत असं मला वाटायचं. त्या एकाच फांदीवर लागतात.

तारांच्या मधोमध बोट टेकवूनही फ्रेमचं गुणगुणणं थांबलं नव्हतं, हे लक्षात आलं का? तारांच्या मध्याजवळ एक जागा अशी असते की फ्रेम कितीही थरथरली तरी ती जागा जवळपास स्थिर राहते. तशीच दुसरी जागा मुठीत, जिथे काका चिमटीत धरतात. तिथे धरलं म्हणूनच आवाज दबला नाही. चेंडू बरोबर त्या मधल्या जागी बसला तर फ्रेम कापतच नाही, आणि त्या क्षणापुरत्या कडक रॅकेट आणि नरम रॅकेट सारख्याच. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ हॉवर्ड ब्रोडी यांनी टेनिसच्या या मर्मस्थळांचा बारकाईने अभ्यास केला. आपण ज्याला सरसकट 'स्वीट स्पॉट' म्हणतो, तिथे खरं तर तीन वेगळ्या जागा आहेत, असं त्यांनी दाखवलं: एक कंप न होण्याची, एक मुठीला झटका न बसण्याची, आणि एक चेंडू सर्वांत जोरात परतण्याची. तिन्ही एकमेकींच्या शेजारी, पण एक नव्हेत. उत्तम फटका किती सुखाचा वाटतो, त्यामागे हे तीन शेजारी आहेत.

आता कोपराचीच, वांद्र्याची एक गोष्ट. वांद्रे पूर्वेला साहित्य सहवास ही मराठी लेखकांची वसाहत. १९८१च्या जुलैमध्ये विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात मॅकेन्रोने बोर्गला हरवलं. दोघांच्याही हातात लाकडी रॅकेट होत्या. तो सामना पाहून साहित्य सहवासातला आठ वर्षांचा एक मुलगा मॅकेन्रोमय झाला, केस वाढवले, कपाळाला पट्टा बांधला. प्रा. रमेश तेंडुलकरांचा तो मुलगा, सचिन, पुढे टेनिसकडे गेला नाही. पण २००४च्या ऑगस्टमध्ये हॉलंडमधल्या स्पर्धेच्या वेळी त्याच्या कोपराने दगा दिला आणि महाराष्ट्रातल्या घराघरांत एक शब्द पोचला: टेनिस एल्बो. २००५च्या मे महिन्यात लंडनला शस्त्रक्रिया करावी लागली. तेव्हा रोज सकाळी लोकलच्या डब्यात त्या कोपरावर चर्चा व्हायची, ती मला आठवते.

क्रिकेटपटूला टेनिसचा आजार कसा, असं तेव्हा सगळे विचारत. खरं सांगायचं तर आजार टेनिसपेक्षा जुना आहे. १८७३ साली रुंगे या जर्मन डॉक्टरांनी त्याची नोंद केली, ती लिहून लिहून हात भरून येणाऱ्या माणसांचा अभ्यास करताना. लॉन टेनिसचं पेटंट विंगफील्ड यांनी घेतलं १८७४ला. म्हणजे हे दुखणं आधी लेखकांचं, मग खेळाडूंचं. लेखकांच्या वसाहतीत वाढलेल्या मुलाला ते व्हावं, यात मला एक विलक्षण गाठ दिसते.

या दुखण्याच्या मुळाशी एक सडपातळ स्नायू आहे. तो मनगट मागे उचलतो आणि कोपराच्या बाहेरच्या हाडाला जेमतेम चिमूटभर जागेत चिकटलेला असतो. मूठ आवळली की मनगट आत वळू नये म्हणून त्याला प्रत्येक वेळी कामाला लागावं लागतं. पेन, बॅट, सांडशी, लोकलची कडी, त्याला सगळं सारखंच.

सचिनची बॅट जडपणाबद्दल प्रसिद्ध, माझी रॅकेट हलकी, आणि कोपर दोघांचं दुखलं. हे कोडं मला बरेच दिवस सुटेना. बॅट जड असली की ती उचलून धरायचं, थोपवायचं काम हातालाच करावं लागतं. टेनिसमध्ये मात्र रॅकेट झुल्यासारखी फिरते आणि येणारा चेंडू तिच्यावर आदळतो. चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅमचा. समोर २६० ग्रॅमची रॅकेट असेल तर तिला जोराचा धक्का बसतो, ती मागे ढकलली जाते, मुठीत फिरते, आणि तो झटका उरलेला हात झेलतो. ३३० ग्रॅमची रॅकेट तो धक्का स्वतःच्या वजनावर घेते. जुन्या लाकडी रॅकेट पावणेचारशे ग्रॅमच्या घरात असत आणि लाकूड वाकायचंही छान. हलकं म्हणजे हाताला सोपं, ही आपली समजूत दुकानात रॅकेट हातात घेऊन हवेत फिरवण्यापुरती खरी आहे. हवेत फिरवताना समोरून चेंडू येत नाही.

जड रॅकेट फिरणार कशी? याचं उत्तर कुठल्याही हातोडीत मिळतं. दांडा धरून फिरवून बघा, मग उलटी करून लोखंडाकडून धरून फिरवा. वजन तेच, पण दुसऱ्या वेळी ती काडीसारखी फिरते. जाणत्या खेळाडूच्या रॅकेटमध्ये वजन मुठीकडे झुकवलेलं असतं. घरी फूटपट्टी उभी धरून तिच्या कडेवर रॅकेट तोलून बघावी. २७ इंची रॅकेटचा मध्य ३४.३ सेंटिमीटरवर. ती मुठीपासून ३१-३२ सेंटिमीटरवर तोलली तर जड असूनही चपळ.

मग दुकानात काय पाहायचं? माझं मत स्पष्ट आहे: आधी तार बदला, मग फ्रेमचा विचार करा. ठरावीक उंचीवरून, २५४ सेंटिमीटरवरून, टाकलेला चेंडू १३५ ते १४७ सेंटिमीटरच उसळावा असा नियमच आहे. म्हणजे चेंडू स्वतः दबला की जवळपास निम्मी ऊर्जा गिळतो. तार मात्र नव्वद टक्क्यांहून जास्त परत करते. तार सैल असली की दबण्याचं काम ती करते, चेंडू कमी दबतो, धक्का मऊ लागतो. १९९७मध्ये ब्राझीलच्या कुएर्तेनने पॉलिएस्टर तारेवर फ्रेंच ओपन जिंकली आणि सगळं जग त्या तारेमागे लागलं. चेंडूला घुमाव द्यायला ती अप्रतिम, पण ती कडक, आणि तिचा जीव लवकर जातो. जोरकस मारणाऱ्या पंचविशीतल्या मुलाने ती दर थोड्या दिवसांनी बदलावी. आठवड्यातून तीनदा खेळणाऱ्याने मऊ मल्टिफिलामेंट लावावी. आतड्याची तार सर्वांत मायाळू, ल्योंच्या बाबोला घराण्याने ती १८७५पासून बनवली, पण मुंबईच्या पावसाळी हवेत ती फुगते, उसवते. तारांत अडकवायचं ते रबरी बटण फक्त टणत्कार थांबवतं. कोपरापर्यंत त्याची पोच नाही.

फ्रेमचं बोलायचं तर ९५ ते ९८ चौरस इंचांचं तोंड, कड २० ते २२ मिलिमीटर जाड, तारांशिवाय ३०५ ते ३२० ग्रॅम. तारा उभ्या १८, आडव्या २० अशा दाट विणल्या असतील तर चेंडू दरवेळी साधारण त्याच कोनात निघतो. १६ बाय १९ची विरळ वीण घुमाव जास्त देते, पण चेंडू कधी कधी चकवतो. कडकपणाचा एक आकडा असतो, आरए. साठच्या आसपास नरम, सत्तरच्या पुढे कडक. आणि मूठ, जिच्याकडे बहुतेक जण बघतच नाहीत: बोटं आणि तळव्याच्या मध्ये दुसऱ्या हाताचं एक बोट बसेल इतकी जागा राहिली पाहिजे. मूठ बारीक पडली की आपण न कळत आवळतो. पण कुठलाही आकडा कागदावर पाहून रॅकेट घेऊ नये. मागून घ्यावी, दोन आठवडे खेळावी, आणि तिसऱ्या सेटला हात काय म्हणतो ते बघावं. पहिल्या दहा मिनिटांत सगळ्याच रॅकेट आवडतात.

काकांनी कपाटातली ती खर्जातली रॅकेट मला पंधरा दिवस दिली. पहिल्या दिवशी माझे चेंडू सर्व्हिस लाइनपाशीच पडत होते, मार्कर पुढे पुढे येत होता. तिसऱ्या दिवशी हात पूर्ण फिरू लागला आणि बॅकहँड समोरच्या कोपऱ्यात, रेषेपासून वीतभर आत, पुन्हा पुन्हा तिथेच पडू लागला. मी मूठ सैल धरली होती, हे मला घरी आल्यावर लक्षात आलं.

सोळाव्या दिवशी रॅकेट घ्यायला गेलो. काकांनी जुनी तार कापली, फ्रेम यंत्रात सहा ठिकाणी आवळली आणि उभ्या तारा ओढल्या. मग आडव्या. एक वर, एक खाली, अठरा तारांतून बोटांनी तार विणत नेतात, दुसऱ्या हाताने ती सळसळत ओढून घेतात. घासून उष्णता होऊ नये म्हणून ओढताना तिला सारखी वरखाली हलवत ठेवतात. आडव्यांसाठी यंत्राचा आकडा लावण्यापूर्वी त्यांनी मान वर केली.

"पन्नास?"

"अठ्ठेचाळीस."

त्यांनी माझ्या कोपराकडे एकदा पाहिलं, चकती फिरवली, आणि पहिली आडवी तार ताणली.